स्तनवर्धन : एका दिवसाची शस्त्रक्रिया आणि पुढील अनेक वर्षे

स्त्रीच्या देहाविषयी आपल्याकडे जेवढे काव्य झाले तेवढे शास्त्र बोलले गेले नाही, आणि त्याचा परिणाम असा, की स्तनांचा आकार वाढविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी काही जाणून घ्यावयाचे म्हटले, म्हणजे जिज्ञासू स्त्रीच्या वाट्यास एक तर जाहिरातदाराचे आश्वासन येते, नाही तर उपदेशकाची नापसंती. शस्त्रक्रियेपूर्वी काय पाहिले जाते, प्रत्यक्ष काय केले जाते, नंतर किती दिवस काय सोसावे लागते आणि पुढल्या वर्षांत कोणत्या जबाबदाऱ्या अंगावर राहतात, हा सरळ तपशील मात्र तिला क्वचितच एके ठिकाणी सापडतो. ही शस्त्रक्रिया करून घ्यावी की न घ्यावी, याचा निवाडा करण्याचा अधिकार ज्या सज्ञान स्त्रीचे ते शरीर आहे तिचाच. परंतु निवाडा करणाऱ्यापुढे पुरावा पूर्ण असला पाहिजे, ही न्यायाची पहिली अट येथेही तितकीच लागू आहे. त्या पुराव्यातील सर्वांत महत्त्वाची बाब प्रारंभीच सांगून टाकणे बरे: शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, परंतु तिने शरीरात ठेवलेल्या वस्तूची देखभाल अनेक वर्षांची असते, आणि संमतिपत्रावर केलेली सही त्या संपूर्ण मुदतीसाठी असते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही, आणि तो सर्वस्वी अभिमानास्पदही नाही. १८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे व्हिन्सेंझ चेर्नी या शल्यचिकित्सकाने एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढल्यावर पडलेली पोकळी भरण्यासाठी तिच्याच शरीरावरील चरबीची एक निरुपद्रवी गाठ तेथे बसविली. त्यानंतर पॅराफिन आणि, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, पातळ सिलिकोन थेट टोचून स्तन वाढविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांनी कित्येक स्त्रियांच्या पदरात कठीण गाठी, न भरणाऱ्या जखमा आणि कायमची विरूपता टाकली. आजच्या पद्धतीचा आरंभ १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी झाला. तेथील फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन या दोघा शल्यचिकित्सकांनी सिलिकोनच्या पातळ आवरणात सिलिकोनचेच जेल भरून तयार केलेले इम्प्लांट प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसविले. रक्त साठविण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीचा मऊ स्पर्श गेरो यांच्या हातास जाणवला आणि त्यातून ही कल्पना उद्भवली, असे या विद्येच्या इतिहासात नमूद आहे. पुढील तीस वर्षे ही इम्प्लांट सर्रास वापरली गेली. आणि मग १९९२ साली, सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी सादर केलेला नाही या कारणास्तव, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जेलच्या इम्प्लांटांचा केवळ सौंदर्यासाठी होणारा वापर रोखला. १९९९ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने उपलब्ध संशोधनाची छाननी करून संधिवातादी सर्वांगीण रोगांशी या इम्प्लांटांचा संबंध सिद्ध होत नसल्याचा अहवाल दिला, आणि २००६ साली त्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

परंतु कथा तेथे संपली नाही. २०१० साली फ्रान्समधील पीआयपी या कंपनीच्या इम्प्लांटांत वैद्यकीय दर्जाचे जेल नसून औद्योगिक वापराचे सिलिकोन भरले जात असल्याचे उघडकीस आले, आणि २०१३ साली तिच्या संस्थापकास न्यायालयाने कारावासाची शिक्षा सुनावली. २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल नावाची खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट, ज्या दुर्मीळ कर्करोगाचा उल्लेख पुढे येणार आहे त्याच्याशी त्यांचा संबंध आढळल्यामुळे, जगभरातील बाजारांतून परत घेतली. हा वृत्तांत कोणास भयभीत करण्यासाठी दिलेला नाही. आजची इम्प्लांट पूर्वीपेक्षा निःसंशय अधिक तपासलेली आहेत; तथापि शरीरात ठेवलेल्या वस्तूचे गुणदोष पुष्कळदा दहा-दहा वर्षांनी कळतात, आणि म्हणून आपल्या शरीरात नेमके काय आहे याची लेखी नोंद प्रत्येक स्त्रीजवळ असली पाहिजे, हा त्यातील धडा आहे.

या शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्या स्त्रिया एकाच कारणाने वळत नाहीत. काहींच्या स्तनांची वाढ मुळातच अल्प झालेली असते. काहींच्या दोन्ही बाजूंत डोळ्यांत भरण्याजोगा फरक असतो. पोलंड सिंड्रोम या जन्मजात विकृतीत तर एका बाजूचा छातीचा स्नायू आणि त्यावरील स्तन पुरेसा घडलेलाच नसतो. बाळंतपण, अंगावर पाजणे किंवा बरेच वजन उतरणे यांमुळे गेलेला भरीवपणा परत मिळावा, अशीही पुष्कळ जणींची इच्छा असते. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर केली जाणारी पुनर्रचना हा याच विद्येचा, परंतु वेगळ्या नियोजनाचा, विभाग आहे. या सर्वांना एक गोष्ट आधीच स्पष्ट असली पाहिजे, ती ही, की इम्प्लांट स्तनांस आकारमान देते, परंतु ओघळलेल्या स्तनांस ते वर उचलत नाही. त्यासाठी जास्तीची त्वचा कमी करून स्तनाग्र योग्य जागी आणण्याची निराळी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तिचे व्रण अधिक लांब असतात. गरोदर असताना, अंगावर पाजत असताना, शरीरात कोठेही जंतुसंसर्ग असताना किंवा स्तनातील एखाद्या गाठीचा उलगडा झालेला नसताना ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. आणि लवकरच मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर गर्भारपण व स्तनपान यांनी आकारात पुन्हा बदल होतो हे ध्यानी घेऊन थांबणेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पतीचा आग्रह, लग्नाच्या बाजारातील टीका किंवा मोडलेले नाते सांधण्याची आशा, यांपैकी एखादे कारण मनाच्या तळाशी असेल, तर ते शस्त्राने दूर होणारे नव्हे. अशा स्त्रीशी चांगला शल्यचिकित्सक घाई न करता बोलतो, आणि प्रसंगी नकारही देतो.

इम्प्लांटचे बाहेरील आवरण सर्व प्रकारांत सिलिकोनचेच असते. भेद असतो तो आतील द्रव्यात. एका प्रकारात निर्जंतुक क्षारजल म्हणजे सलाईन असते, आणि ते बहुधा रिकामे आवरण आत बसविल्यावर भरतात. ते फुटले तर पाणी शरीरात निरुपद्रवीपणे शोषले जाते आणि स्तन काही काळातच बसल्याने दोष तत्काळ ध्यानात येतो. दुसऱ्या प्रकारात सिलिकोनचे जेल असते; त्याचा स्पर्श नैसर्गिक स्तनाच्या अधिक जवळचा असतो, परंतु आवरणास चीर गेली तरी घट्ट जेल जागच्या जागी राहात असल्याने ते फुटल्याचे बाहेरून कळेलच असे नाही. आकार गोल असतो किंवा खाली अधिक भरीव असा थेंबासारखा. थेंबाकृती इम्प्लांट आत फिरले, तर स्तनाचे रूप बिघडते. पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरबरीत असतो, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे खरबरीत पृष्ठभागाविषयी आज अधिक सावधगिरी बाळगली जाते.

आकारमान घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे बोलण्यात ‘सीसी’मध्ये, मोजतात, आणि येथेच अपेक्षा व वास्तव यांची पहिली गाठ पडते. अमुक सीसीचे इम्प्लांट म्हणजे तमुक कपाची ब्रा असा कोठेही पक्का हिशेब नाही. एकच इम्प्लांट रुंद छातीच्या स्त्रीस बेताचे दिसते आणि अरुंद बांध्याच्या स्त्रीस अवास्तव. म्हणून शल्यचिकित्सक स्तनाच्या पायाची रुंदी, त्वचेचा ताण, वरील ऊतींची जाडी आणि स्तनाग्रापासून स्तनाखालील घडीपर्यंतचे अंतर मोजून शरीराची मर्यादा ठरवितो, आणि त्या मर्यादेच्या आत स्त्रीची पसंती येते. मर्यादा ओलांडून मोठे इम्प्लांट मागितले, तर त्याचा भार वर्षानुवर्षे त्वचेवर पडतो, ऊती पातळ होतात, कडा हातास लागू लागतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ लवकर येते.

छेद कोठे घ्यावयाचा याचे तीन पर्याय सर्वमान्य आहेत. स्तनाखालील घडीतील चार-पाच सेंटिमीटरांचा छेद सर्वांत प्रचलित आहे, कारण त्यातून आतील जागा स्वच्छ दिसते, दूधवाहिन्यांस धक्का लागत नाही आणि व्रण घडीत झाकला जातो. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने घेतलेल्या छेदाचा व्रण रंगसंधीत लपतो, परंतु दूधवाहिन्या व संवेदना यांस इजा होण्याचा संभव त्यात अधिक. काखेतून घेतलेल्या छेदाचा स्तनावर मागमूस राहात नाही, तथापि पुढे दुरुस्तीची वेळ आल्यास बहुधा दुसरीकडे छेद घ्यावा लागतो. इम्प्लांट कोणत्या थरात ठेवावयाचे, हा निर्णय याहूनही महत्त्वाचा. ते दुग्धग्रंथींच्या मागे परंतु छातीच्या मोठ्या स्नायूच्या पुढे ठेवले, तर वेदना कमी होतात आणि पूर्वपदावर येण्यास कमी वेळ लागतो. स्नायूच्या मागे ठेवले, तर कृश स्त्रीच्या बाबतीत वरची कड झाकली जाते आणि पुढे मॅमोग्राफीत स्तनाची ऊती तुलनेने चांगली दिसते, परंतु आरंभीची वेदना अधिक असते आणि हातावर जोर देताना स्तन हललेला दिसू शकतो. पुष्कळ ठिकाणी वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली असा मधला मार्ग पत्करतात.

पूर्वतयारीत रक्ततपासण्या आणि वयानुसार स्तनांची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी येते. आईस, मावशीस किंवा बहिणीस स्तनाचा कर्करोग झाला असल्यास ती माहिती लपवू नये. रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे, त्याचप्रमाणे मनाने चालू केलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, काढे आणि वनौषधींची चूर्णे यांची संपूर्ण यादी डॉक्टरांस द्यावी. हृदयविकारासाठी चालू असलेले औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तंबाखूविषयी विशेष सांगणे अगत्याचे आहे. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, जखमेस रक्त कमी पोहोचते आणि ती भरण्यास विलंब लागतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण वर्ज्य करावयास सांगतात. आपल्या महाराष्ट्रात सिगारेट न ओढणाऱ्या कित्येक स्त्रिया रोज सकाळी मिश्री लावतात, आणि ‘आपण तंबाखू घेत नाही’ असे डॉक्टरांस प्रामाणिकपणे सांगतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय, आणि तिचा उल्लेख संकोच न करता केलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी घन अन्न सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. उभ्या स्थितीत छातीवर पेनाने खुणा केल्या जातात, कारण आडवे झाल्यावर स्तनांची जागा बदलते. बहुधा संपूर्ण भूल देतात. एक ते दोन तासांत छेद, आतील जागेची तयारी, रक्तस्राव थांबविणे, जागा धुऊन घेणे, इम्प्लांटास शक्य तितका कमी स्पर्श करून ते बसविणे आणि टाके, असा क्रम पुरा होतो. त्याच दिवशी सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाण्याची परवानगी मिळते. मात्र पहिल्या रात्री जबाबदार माणूस सोबतीस असणे ही सोय नसून अट आहे.

शुद्धीवर येताना मळमळ, हुडहुडी, श्वासनलिकेत नळी घातल्यामुळे घशात खवखव आणि छातीवर दाब व ताण यांचा अनुभव येतो. पहिले दोन-तीन दिवस वेदना सर्वांत अधिक असते, आणि इम्प्लांट स्नायूच्या मागे असल्यास उठता-बसताना, खोकताना ती विशेष जाणवते. वेदनाशामक औषध दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता वेळापत्रकाप्रमाणे घेतले म्हणजे हा काळ सुसह्य होतो. झोप उताणे, डोके व पाठ उशांनी उंच करून घ्यावी. हातांवर भार देऊन उठण्याऐवजी कोणाचा तरी आधार घ्यावा. पडून राहणे हीच विश्रांती, असा जो समज आपल्या घरांत रुजलेला आहे तो येथे घातक आहे. पहिल्याच दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे टळते. वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ होते, म्हणून पाणी, भाज्या आणि फळे आहारात असावीत. आत साठलेली थोडी हवा व द्रव यांमुळे कधी कधी खळखळ ऐकू येते, आणि दुखावलेले मज्जातंतू पूर्ववत होताना क्षणिक चमका निघतात. ही दोन्ही लक्षणे बहुधा आपोआप मावळतात.

पहिल्या आठवड्याच्या सुमारास अनेकींस एक अनपेक्षित उदासीनता येते. भुलीचा थकवा, अपुरी झोप, सुजलेली आणि वर चढलेली अशी अपरिचित छाती, आणि ‘हे आपण कशासाठी केले’ हा मनात उठणारा प्रश्न, यांचा तो संमिश्र परिणाम असतो. तो बहुतेकींच्या बाबतीत थोड्याच दिवसांत ओसरतो. तथापि घरच्यांनी त्या काळात टोमणे न मारता आधार देणे हेही उपचाराचेच अंग आहे. उदासीनता लांबली, तर ती डॉक्टरांस सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

बैठ्या नोकरीत साधारणतः एक आठवडा ते दहा दिवसांनी परतता येते. परंतु आपल्याकडील गृहिणीचे काम हे बैठे काम नव्हे, आणि ही गोष्ट घरातील मंडळींनी आधीच समजून घेतली पाहिजे. कणीक तिंबणे, पोळ्या लाटणे, पिंपातून पाण्याची बादली उचलणे, ओली चादर पिळणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, गॅसचा सिलिंडर सरकविणे, इतकेच काय, हात मागे नेऊन स्वतःची वेणी घालणे, या सर्वांत छातीचा स्नायू ताणला जातो. सर्वांत कठीण असते ते कडेवर येण्यासाठी हात पुढे करणाऱ्या लहान मुलास न उचलणे. त्यासाठी आजी, बहीण किंवा कामाच्या बाई यांची तीन-चार आठवड्यांची व्यवस्था शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच करावी. मोटार चालविणे एक-दोन आठवड्यांनी, गुंगी आणणारी औषधे बंद झाल्यावर आणि चाक वेदनेविना वळविता येऊ लागल्यावरच. खड्ड्यांचे धक्के व अचानक लावावा लागणारा ब्रेक लक्षात घेता दुचाकी त्याहून उशिरा. मुंबईची लोकल गर्दीच्या वेळी, वरची कडी धरून उभ्याने, काही आठवडे टाळलीच पाहिजे. धावणे, वजने उचलणे, सूर्यनमस्कार यांसारखा व्यायाम चार ते सहा आठवड्यांनी, डॉक्टरांच्या अनुज्ञेने, हळूहळू सुरू करावा. या काळात पुढून उघडणारी, तारेविना असलेली आधाराची ब्रा दिवसरात्र वापरावयास बहुधा सांगतात.

आरंभी स्तन उंच, टणक आणि वरच्या भागात अधिक फुगीर दिसतात, आणि दोन्ही बाजूंची सूज एकाच गतीने उतरत नाही. म्हणून पंधराव्या दिवशी आरशात दिसणाऱ्या रूपावरून निष्कर्ष काढून खिन्न होणे हे न्यायाचे नव्हे. इम्प्लांट खाली बसून आकार मऊ व स्वाभाविक होण्यास तीन ते सहा महिने लागतात. स्तनाग्रांची संवेदना प्रथम कमी किंवा असह्य तीव्र होते. ती काही महिन्यांनी पूर्ववत होते, परंतु काही जणींच्या बाबतीत हा फरक कायम राहतो. व्रण पहिले काही महिने तांबूस वा काळसर आणि घट्ट असतात, आणि बारा ते अठरा महिन्यांत फिकट होतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची किंवा कीलॉइड होण्याची प्रवृत्ती गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक आढळते; कान टोचल्यावर किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर असे घडले असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याजोगी नसतात. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच स्तन झपाट्याने सुजून ताठ व अतिशय दुखरा झाला, तर आत रक्त साठल्याचा संशय घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइटच्या, वर जाणे, पसरत जाणारी लाली किंवा जखमेतून पू ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. पोटरी सुजून दुखणे ही पायाच्या शिरेत गुठळी झाल्याची, आणि अचानक धाप लागणे व छातीत कळ येणे ही गुठळी फुप्फुसात पोहोचल्याची सूचना असू शकते. तेथे रात्र आहे की रविवार हा विचार करू नये.

दूरच्या काळातील उपद्रवांत प्रमुख आहे तो आवरणाच्या आकुंचनाचा. शरीरात ठेवलेल्या कोणत्याही परक्या वस्तूभोवती शरीर स्वतःचे एक पातळ आवरण विणते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु काही स्त्रियांत हे आवरण जाड होऊन आवळू लागते, आणि स्तन प्रथम घट्ट, मग विरूप आणि शेवटी वेदनामय होतो. याच्या चार श्रेणी मानतात, आणि वरच्या दोन श्रेणींत बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. याखेरीज इम्प्लांट फुटणे, सरकणे, त्वचेवर सुरकुत्या दिसणे हेही संभवते. इम्प्लांट ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही, असे अमेरिकेचे औषध प्रशासन स्पष्ट बजावते. त्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार केवळ आकारवर्धनासाठी इम्प्लांट घेतलेल्या पाच स्त्रियांपैकी एकीस दहा वर्षांच्या आत ते काढून घेण्याची पाळी येऊ शकते. विशीत अथवा तिशीत हा निर्णय घेणाऱ्या स्त्रीने पुढे किमान एका शस्त्रक्रियेची शक्यता आजच गृहीत धरली पाहिजे.

ज्या दुर्मीळ कर्करोगाचा वर उल्लेख आला, तो स्तनाचा कर्करोग नसून इम्प्लांटभोवतीच्या आवरणात उद्भवणारा लिम्फोमा आहे. तो प्रामुख्याने खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांशी निगडित आढळला आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर बहुधा कित्येक वर्षांनी एका स्तनास अचानक आलेली सूज हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण असते. वेळीच ओळखल्यास इम्प्लांट व भोवतालचे आवरण पूर्ण काढून तो बहुतेकदा बरा होतो. थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशी विविध लक्षणे सांगणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांचे कारण अद्याप निश्चित झालेले नसले, तरी इम्प्लांट काढल्यावर काहींना आराम पडला आहे, म्हणून त्यांच्या सांगण्यास मनाचे खेळ म्हणून झिडकारणे अनुचित होय. २०२१ साली अमेरिकेने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतील ठळक इशारा आणि स्त्रीने डॉक्टरांसह कलमवार वाचावयाची यादी बंधनकारक केली, ती याच सर्व गोष्टी आधी सांगितल्या जाव्यात म्हणून.

जेलचे इम्प्लांट फुटल्याचे बाहेरून कळत नसल्याने पाच-सहा वर्षांनी पहिली आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी पुढील एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस आहे. मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञास आधी सांगावे, म्हणजे ते मागे सारून ऊती पुढे ओढून घेतलेली जादा चित्रे काढली जातात. संकोचाने हे लपविणे म्हणजे आपल्याच तपासणीस अपुरी करणे होय. अंगावर पाजणे बहुतेकींस शक्य असते, परंतु दूध पुरेसे येईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

इम्प्लांट नको असणाऱ्यांसाठी पोट किंवा मांडीवरील चरबी शोषून स्तनात भरण्याचा पर्याय आहे. त्यातून मिळणारी वाढ बेताची असते, भरलेल्या चरबीचा लक्षणीय भाग शरीर पुन्हा शोषून घेते, एकाहून अधिक वेळा ही क्रिया करावी लागू शकते, आणि उरलेल्या चरबीत कधी कधी गाठी होतात. परंतु लेप, तेल, चूर्ण आणि गोळ्या यांनी स्तन वाढविण्याची जी ग्वाही दिली जाते, तिला शास्त्रात कोणताही आधार नाही. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्तनांचा आकार व बांधा हा विषय नमूद असून त्यावरील औषधांची जाहिरात करण्यास भारतात मनाई आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता व्यवहाराची बाजू. शल्यचिकित्सकाची प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आणि वैद्यक परिषदेकडील नोंदणी पाहावी. त्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकी किती जणींस पुन्हा यावे लागले, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि रात्री अडचण आल्यास कोणास बोलवावयाचे, हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. सवलतीची मुदत आज संपते म्हणून घाई करणाऱ्या केंद्राकडे पाठ फिरवावी. आरोग्यविम्याच्या सर्वसाधारण अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेस मात्र अपवाद आहे. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्चच नव्हे, तर पुढील तपासण्या आणि कदाचित करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया यांचीही तरतूद मनाशी करून ठेवावी. इम्प्लांटचे उत्पादक, प्रकार, आकारमान आणि अनुक्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे, आणि घराच्या दस्तऐवजांइतकेच ते जपावे. उद्या एखादा प्रकार बाजारातून परत घेतला गेला, तर आपला त्याच्याशी संबंध आहे की नाही, हे त्याच कागदावरून कळते.

एवढे सर्व जाणल्यावर कोणी स्त्री ‘मला हे नको’ म्हणेल, आणि कोणी पूर्ण विचारांती ‘मला हे हवे’ म्हणेल. दोघींचाही निर्णय तितकाच आदरणीय. ज्यांनी अपेक्षा माफक ठेवल्या, शल्यचिकित्सक पारखून निवडला आणि पुढील देखभाल स्वीकारली, अशा अनेकींस या शस्त्रक्रियेने समाधान दिले आहे, हेही सांगितले नाही तर हा वृत्तांत एकांगी होईल. संमतिपत्र वाचून घरी न्यावे, दोन आठवडे मनात घोळू द्यावे, न समजलेल्या प्रत्येक कलमाचा अर्थ विचारावा, आणि अगदी भूल देण्यापूर्वीच्या क्षणापर्यंत नाही म्हणण्याचा आपला हक्क अबाधित आहे हे विसरू नये. वैद्यकाचे कौशल्य शस्त्रक्रियेपुरते तिच्या हाती लागते. त्यानंतरची वर्षे तिची स्वतःची असतात, आणि ती तिने डोळसपणे पत्करलेली असावीत, एवढीच या लेखामागील तळमळ आहे.